तीन ओळींचा निरोप

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात नवी मुले येतात. पहिल्या आठवड्यातच शिक्षकाला फरक दिसू लागतो. काही मुले विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतात, उलट प्रश्न विचारतात, शेजारच्याला गोष्ट सांगतात. काही मुले मान खाली घालून बसतात. त्यांना ऐकू येते, समजतेही, घरी ती भरपूर दंगा करतात. पण मोठ्या माणसाशी सलग चार वाक्ये बोलण्याची सवय त्यांना लागलेली नसते. ही मुले मठ्ठ नसतात. त्यांच्याशी कोणी निवांत बोललेले नसते, एवढेच. "हे घे", "तिकडे जा", "गप्प बस", "लवकर जेव" हे हुकूम झाले. त्यांना बोलणे म्हणता येत नाही.

यात आई-वडिलांची निय्यत खोटी असते असे मुळीच नाही. आमच्या मालवण किनाऱ्यावरचे घर पाहा. वडील पहाटेच होडीवर, नाहीतर नोकरीला मुंबईत, नाहीतर कुवेत-दुबईला. आईच्या वाट्याला स्वयंपाक, पाणी, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी आणि तीन मुले. शिकवणे हे शाळेचे काम, असे आपण धरून चालतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी घरात नेमके काय करायचे, हे त्या आईला कधी कोणी सांगितलेलेच नसते. आणि हीच वर्षे मोठ्या मोलाची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नमूद आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते. पहिलीत आलेल्या मुलाची ती वर्षे मागे पडलेली असतात.

मग ही माहिती आईपर्यंत पोहोचवायची कशी? सभा घेतली तर जिला गरज असते तीच येत नाही. पुस्तिका वाटली तर ती कपाटावर जाते. फोन मात्र घरोघर आहे. म्हणून या महिन्यात आम्ही एका साध्या उपायाबद्दल लिहीत आहोत: आठवड्याला दोन-तीन छोटे निरोप, फोनवर, आई-वडिलांसाठी.

अंगणापासून फोनपर्यंत

जे मूल शाळेपर्यंत येत नाही त्याच्यापर्यंत शाळेने जायचे, ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका पाड्यावर गेल्या आणि तिथल्या अंगणातच बालवाडी भरवू लागल्या. 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि आज गावोगाव दिसणारी अंगणवाडी त्याच योजनेतली. मूल अंगणवाडीत तीन-चार तास असते. उरलेला सगळा दिवस ते घरात असते. निरोपांचा उपयोग त्या उरलेल्या दिवसासाठी.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात २०१३-१४ या शालेय वर्षात याची नीट परीक्षा झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बेंजामिन यॉर्क आणि सुझाना लोब यांनी चार वर्षांच्या मुलांच्या सुमारे ४४० कुटुंबांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला आठवड्याला तीन निरोप. पहिल्यात एक माहिती, दुसऱ्यात लगेच करता येईल अशी एक कृती, तिसऱ्यात त्याच कृतीचे पुढचे पाऊल. दुसऱ्या गटाला शाळेच्या साध्या सूचना. वर्षअखेरीस निरोप मिळालेले पालक मुलांशी अक्षरांचे खेळ अधिक खेळत होते, शिक्षकांना अधिक प्रश्न विचारत होते, आणि त्यांची मुले अक्षरओळखीच्या काही चाचण्यांत दोन-तीन महिने पुढे होती. निरोपात मोठे ज्ञान नव्हते. आंघोळ घालताना, बाजारात जाताना, म्हणजे जे काम आई करणारच आहे त्यातच काय बोलावे, एवढेच सांगितलेले होते.

पुढे याच कामातून आणखी एक गोष्ट कळली. आठवड्याला एक निरोप कमी पडतो, आणि पाच पाठवले तर पालक कंटाळून निरोप बंद करून टाकतात. तीन बरोबर. तीन पाठवणाऱ्याचे ऐकले जाते, रोज दहा पाठवणाऱ्याचे कोणी वाचत नाही. आपल्या फोनवर रोज किती शुभेच्छा येतात आणि त्यातल्या किती आपण उघडतो, हे आठवले तर वेगळा पुरावा लागणार नाही.

नुसता निरोप पुरत नाही

आता दुसरी बाजू. २०२० मध्ये शाळा बंद असताना आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात सुमारे ४,५०० कुटुंबांबरोबर असाच प्रयोग झाला. तो तिसरी ते पाचवीच्या मुलांचा आणि गणिताचा होता. काही घरांना आठवड्याला एक निरोप, त्यात सोपी उदाहरणे. काही घरांना तोच निरोप आणि सोबत शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसता निरोप मिळालेल्या मुलांत सरासरी फरक दिसला नाही. फोन आलेली मुले पुढे गेली. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि फोनचा तोच प्रयोग पुढे भारत, नेपाळ, फिलिपाइन्स, केनिया आणि युगांडातही करून पाहण्यात आला.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत. निरोप आठवण करून देतो, कृती सुचवतो. पण "काय, जमलं का?" असे विचारणारे माणूस मागे असले तरच तो टिकतो.

आपल्याकडे टाळेबंदीत हेच दिसले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सअॅपवर येऊ लागला. 'प्रथम' या संस्थेने 'थोडी मस्ती, थोडा अभ्यास' नावाने छोटे निरोप गावोगाव पाठवले आणि कार्यकर्त्यांनी पालकांना फोन करून विचारपूसही केली. त्याच वर्षी सुरू झालेली 'रॉकेट लर्निंग' ही संस्था अंगणवाडी सेविकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून पालकांना छोटे खेळ पाठवते आणि पालक मुलांचे फोटो, व्हिडिओ त्याच गटात टाकतात. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२० मध्ये तो ६१.८ टक्के घरांत आला. म्हणजे साधन आले. तरीही त्या पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळाले ते सुमारे एक तृतीयांश मुलांनाच. फोन घरात असणे वेगळे, आणि तो मुलाच्या तालमीसाठी वापरला जाणे वेगळे.

आपल्या किनाऱ्यावरच्या अडचणी

पहिली अडचण, फोन कोणाच्या खिशात आहे? पुष्कळ घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो घेऊन वडील समुद्रावर गेलेले असतात. सकाळी दहाला पाठवलेला निरोप आईला दिसतच नाही. म्हणून निरोपाची वेळ मगरिबनंतरची असावी. तेव्हा फोन घरात असतो, मूल घरात असते, आणि जेवणाआधीची दहा मिनिटे मोकळी मिळू शकतात.

दुसरी अडचण लिपीची. आमच्या वस्तीत एकाच घरात तीन तऱ्हा दिसतात. सून उर्दू शाळेत शिकलेली, तिला उर्दू झरझर वाचता येते, देवनागरी अडखळत. जाऊ मराठी शाळेतली, तिचे नेमके उलटे. आणि सासूला दोन्ही नाही. एकाच लिपीतला निरोप या तिघींपर्यंत पोहोचणार नाही. त्यात साध्या एसएमएसची आणखी एक मर्यादा आहे. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरी किंवा उर्दू लिपीत तो ७० चिन्हांतच संपतो आणि काना-मात्रेचेही एकेक चिन्ह धरले जाते. यावर आम्हाला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप. तो तिघींनाही ऐकता येतो. शिवाय ओळखीच्या आवाजाला मान मिळतो.

तिसरी गोष्ट बोलीची. घरात आपली कोकणी-मालवणी बोली, मदरशात अरबी हुरूफ, शाळेत उर्दू किंवा मराठी, टीव्हीवर हिंदी. यामुळे काही आया मुलाशी मुद्दाम मोडक्या शाळकरी भाषेत बोलतात, बोली बोलले तर मूल मागे पडेल या भीतीने. ही भीती सोडून द्यावी. जी भाषा आईला सहज येते त्याच भाषेत ती मुलाशी लांबलचक, रंगवून बोलू शकते. "होडी खंय गेली?" या प्रश्नावर मुलाने चार वाक्ये सांगितली तर त्याच्या बुद्धीला तेवढाच व्यायाम झाला. ज्या मुलाला एका भाषेत गोष्ट सांगता येते त्याला दुसऱ्या भाषेत ती सांगायला शिकवणे आम्हा शिक्षकांना सोपे जाते. ज्याला कोणत्याच भाषेत सांगता येत नाही, त्याच्यापुढे आम्हीही हतबल असतो.

चौथी गोष्ट वडिलांची. या निरोपांत बहुतेक वेळा फक्त आईला धरले जाते. आपल्या घरांत वडील दूर असतात खरे, पण परदेशातला बाप रोज व्हिडिओ कॉल करतोच. तो मुलाला काय विचारतो? "अभ्यास केलास का? आईला त्रास देत नाहीस ना? काय पाठवू?" मूल मान हलवते, फोन आईकडे जातो. त्याच बापाला आठवड्यातून एकदा निरोप गेला की, "आज विचारा, समुद्राचे पाणी कुठवर आले होते?", तर मूल खिडकीकडे धावेल, पाहून येईल, सांगेल. ज्या मुलाला बाप फक्त पडद्यावर भेटतो, त्याच्यासाठी हे चार मिनिटांचे बोलणे अभ्यासाहून फार मोठे असते. आणि जे मच्छीमार बाप गावातच आहेत त्यांच्यासाठी पावसाळा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जाळी दुरुस्त करत बाप पडवीत बसलेला असतो. जाळ्याची भोके मोजायला, गाठ कशी पडते ते पाहायला मूल त्याच्याजवळ बसवावे. ते दोन महिने वडिलांच्या नावाने निरोप जावेत.

"रोगच औषध कसा होईल?"

वस्तीतले एक बुजुर्ग आम्हाला म्हणाले, "फोनने मुलं बिघडली म्हणून तुम्हीच ओरडता, आणि आता फोनवरूनच तरबियत?" प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून अधिक नको, जितका कमी तितका चांगला. म्हणून इथे एक नियम पक्का हवा: निरोप मोठ्यांसाठी आहे, मुलासाठी नाही. तो वाचायचा किंवा ऐकायचा, फोन फळीवर ठेवायचा आणि मग मुलाजवळ बसायचे. ज्या निरोपात व्हिडिओ पाहण्यासाठी मुलाच्या हाती फोन द्यावा लागतो, तो आपल्या कामाचा नाही.

दुसरा धोका अधिक बारीक आहे. निरोपाचा सूर जर "तुम्ही हे करत नाही म्हणून मूल मागे पडते" असा झाला, तर थकलेली आई आणखी खचते आणि गट सोडून जाते. निरोपाने तिच्या दिवसात नवे काम घालू नये. चालू कामातच एक वाक्य घालावे. गटात मुलांची तुलना तर कधीच होऊ देऊ नये.

एका महिन्याचे बारा निरोप

वाचक भगिनींच्या सोयीसाठी आम्ही एका महिन्याचे निरोप इथे देत आहोत. सोमवारी माहिती, बुधवारी कृती, शुक्रवारी पुढचे पाऊल. आपल्या बोलीत बदलून घ्यावेत.

पहिला आठवडा, आवाज.
सोमवार: अक्षर लिहिण्याआधी मुलाला आवाज ओळखता यायला हवा. आवाज कानाने शिकतात, पाटी लागत नाही.
बुधवार: मासळी धुताना विचारा, "बांगडा आणि बशी, दोघांच्या सुरुवातीला कोणता आवाज?"
शुक्रवार: आता तुम्ही नुसते 'म' म्हणा. मुलाने 'म'ची तीन नावे शोधावीत. मीठ, माड, मामू.

दुसरा आठवडा, मोजणी.
सोमवार: एक ते वीस पाठ म्हणणे म्हणजे मोजणे नव्हे. एका वस्तूवर एक बोट, एक आकडा, हे मोजणे.
बुधवार: दस्तरखान मुलाला मांडू द्या. "आज किती जण? मग ताटे किती?"
शुक्रवार: "दोन पाहुणे आले तर?" असे विचारा आणि थांबा. उत्तर तुम्ही देऊ नका.

तिसरा आठवडा, बोलणे.
सोमवार: ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेल तो प्रश्न लगेच संपतो. 'कसे' आणि 'का' विचारा.
बुधवार: "आज भरतीचे पाणी कुठवर आले? काल कुठे होते?"
शुक्रवार: मुलाच्या वाक्यात एक शब्द तुम्ही घाला. ते म्हणाले "होडी", तुम्ही म्हणा "हो, निळी होडी. ती कुठे चालली असेल?"

चौथा आठवडा, हात आणि गोष्ट.
सोमवार: पेन्सिल धरण्याआधी बोटांत बळ यावे लागते.
बुधवार: शेंगा सोलणे, पीठ मळणे, आमसुले वाळत घालणे, कपड्यांना चिमटे लावणे, यात मुलाला सोबत घ्या.
शुक्रवार: दादी-नानीने बोलीत एक गोष्ट सांगावी आणि मध्येच थांबून विचारावे, "पुढे काय झाले असेल?"

बाराही निरोपांत पैसा लागत नाही, विकत घेण्याची वस्तू नाही, आणि ज्या दादीला अक्षर येत नाही तिलाही ते जमतात. शेवटचा तर तिच्याइतका कोणालाच जमणार नाही.

मात्र एक खबरदारी. दोन वर्षांचे झाले तरी मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा आधी बोलत होते ते बंद झाले असेल, तर निरोपांची वाट पाहू नका आणि "याचा बापही उशिरा बोलला" म्हणून थांबू नका. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी मोफत होते. कानाचा दोष लवकर कळला तर पुष्कळ काही करता येते.

पाठवायचे कोणी?

शासनाच्या अंगणवाड्यांत शून्य ते तीन वर्षांसाठी 'आरंभ' आणि तीन ते सहासाठी 'आकार' हे कार्यक्रम आहेत. सेविकेकडे साहित्य असते, पण तिच्यावर पोषण आहार, वजने, नोंदी असा कामाचा डोंगरही असतो. तिला मदत करणारे हात वस्तीतच आहेत. बारावी झालेली, बीएड-डीएड करून घरी बसलेली एखादी मुलगी प्रत्येक मोहल्ल्यात असते. तिने सेविकेशी बोलून दहा घरे वाटून घ्यावीत. गटात फक्त तिलाच लिहिता येईल अशी सोय करावी, म्हणजे शुभेच्छांच्या चित्रांत निरोप बुडणार नाही. आठवड्याला तीन निरोप, आणि रविवारी प्रत्येक घरी पाच मिनिटांचा फोन: "वहिनी, भरतीचं विचारलंत का? काय म्हणाला?" बोत्सवानात शिक्षकाच्या फोनने जे केले, ते इथे शेजारच्या मुलीच्या फोनने का होऊ नये?

कोणी ताई पुढे आली नाही, तरी प्रत्येक घराला स्वतःपुरते सुरू करता येईल. वरचे बारा निरोप कागदावर उतरवून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवावेत आणि परदेशातल्या वडिलांना त्याचा फोटो पाठवावा. महिन्याने मुलाने कोणता प्रश्न आपणहून विचारला ते लिहून ठेवावे आणि आम्हाला कळवावे, मराठीत किंवा उर्दूत, कसेही. आलेल्या पत्रांतले खेळ घेऊन पुढच्या महिन्याचे बारा निरोप, इन्शाअल्लाह, आपण मिळून तयार करू.